कसोटी कीं कोष्टक ?

संख्याशास्त्र हा विषय आतां थोड्या पंडितांपुरता राहिलेला नाहीं. वाणिज्य, शेतकी, वैद्यक, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांपैकीं कोणतीही शाखा घेतली, तरी पदवीच्या वाटेवर 'परिकल्पनेचें परीक्षण' या नांवाचें एक प्रकरण विद्यार्थ्याला बहुधा ओलांडावेंच लागतें. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असा एखादा विद्यार्थी असेल. या प्रकरणांत तूं काय शिकलास, असें त्याला विचारून पाहावें. उत्तर येईल तें असें : प्रथम शून्य परिकल्पना लिहावयाची, मग सूत्रांत आंकडे भरावयाचे, आलेली किंमत पुस्तकाच्या शेवटीं दिलेल्या कोष्टकाशीं ताडून पाहावयाची, ती मोठी असली तर परिकल्पना नाकारावयाची, लहान असली तर स्वीकारावयाची. या उत्तरास परीक्षेंत गुण मिळतात. परंतु ही कृति कशासाठीं केली, ती केल्यानें कोणती गोष्ट कळली आणि कोणती कळली नाहीं, असा पुढचा प्रश्न केला कीं तोच विद्यार्थी गप्प होतो. दोष त्याचा नाहीं. ज्या प्रकरणानें त्याला विचाराची एक शिस्त द्यावयाची, त्यानें त्याच्या हातीं एक कोष्टक दिलें. आमची तक्रार या शिकविण्याच्या पद्धतीविषयीं आहे, आणि ती महाविद्यालयांपुरती नाहीं. कारण जी शिस्त तेथें हरवते, तिची उणीव पुढें घरांत, लग्नाच्या बैठकींत आणि आजाऱ्याच्या उशाशीं जाणवते.

मनुष्याचें मन आपल्या समजुतीला अनुकूल असा पुरावा जपून ठेवतें आणि प्रतिकूल पुरावा विसरून जातें. खरें ठरलेलें एक भविष्य दहा घरीं सांगितलें जातें; खोटीं ठरलेलीं अनेक भविष्यें कोणाच्या स्मरणांतही राहत नाहींत. एखाद्या पुडीनें ताप उतरला, ही गोष्ट आपण आवर्जून सांगतों. पुडी न घेतांही तो उतरला असता कीं काय, हें विचारीत नाहीं. परीक्षणाची सगळी युक्ति या दुर्बळतेवरील उपाय म्हणून निघालेली आहे. तिचें मर्म एवढेंच, कीं कोणतें उत्तर आलें असतां आपण आपलें मत सोडूं, हें उत्तर पाहण्यापूर्वीं ठरवून सांगावें. जनक राजानें धनुष्याचा पण लावला, तो राजे सभेंत येण्यापूर्वीं. कोण आला आणि कोणाला काय जमलें, हें पाहून मग त्यानें पण ठरविला असता, तर त्याला पण म्हणतां आलें नसतें. पुस्तकांतील 'पांच टक्के' हा असाच आधीं लावलेला पण आहे. विद्यार्थ्याला तो आंकडा पाठ असतो. तो आधीं लावावयाचा असतो, हें मात्र त्याला क्वचितच कोणी सांगतें.

या शास्त्राच्या आद्य आचार्यांपैकीं एक, रोनाल्ड फिशर, यांनीं १९३५ सालीं प्रयोगांच्या रचनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत चहाच्या पेल्यांचें एक उदाहरण आहे. पेल्यांत आधीं दूध ओतलें कीं आधीं चहा, हें आपण चवीवरून ओळखतों, असा एका बाईंचा दावा. आणि त्याच्या परीक्षेसाठीं आठ पेले. उदाहरण उत्तम आहे, आणि आमच्याकडील वर्गांतही तें जसेंच्या तसें सांगितलें जातें. परंतु ज्या घरांत चहा, साखर आणि दूध एकाच पातेल्यांत उकळतात, त्या घरांतील मुलाला त्यांतील गोडी कशी कळावी? हेंच उदाहरण आपण यवतमाळ जिल्ह्यांत आणूं. वणी तालुक्यांतील राजूर हें गांव कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांकरितां ओळखलें जातें. समजा, तेथील एक जुना गवंडी म्हणतो, "विझवलेला चुना नुसता बोटांत चुरून, तो या भट्टीचा कीं त्या भट्टीचा, हें मी सांगतों." गवंडी खोटें बोलतो असें आपण म्हणत नाहीं, आणि खरें बोलतो असेंही म्हणत नाहीं. आपण आठ सारख्या पुड्या करूं. चार एका भट्टीच्या, चार दुसरीच्या. गवंड्यालाही हें प्रमाण सांगूं. पुड्यांवर केवळ आंकडे असतील, आणि कोणता आंकडा कोणत्या भट्टीचा याची यादी तिसऱ्याच माणसाजवळ राहील. पुड्या पुढें ठेवणाऱ्यालाही ती ठाऊक असूं नये. कारण जाणत्याचा चेहरा पुष्कळदां न विचारतां उत्तर देतो. पुड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावूं.

आतां हिशेब. गवंड्याला कांहीं कळत नाहीं, तो निव्वळ अंदाज करतो, असें क्षणभर धरून चालूं. आठ पुड्यांतून चार निवडण्याचे प्रकार सत्तर आहेत, आणि त्यांतील एकच सर्वस्वीं बरोबर आहे. म्हणजे नुसत्या अंदाजानें चारही पुड्या बरोबर निघण्याचा संभव सत्तरांत एक. इतकी दुर्मिळ गोष्ट डोळ्यांदेखत घडली, तर 'याला कांहीं कळत नाहीं' हें धरून ठेवणें कठीण होतें. पण चारांपैकीं तीनच बरोबर आल्या तर? गांवकरी म्हणतील, "तीन ओळखल्या, एकच चुकली, माणूस जाणता आहे!" हिशेब निराळें सांगतो. तीन किंवा अधिक बरोबर येण्याचे प्रकार सत्तरांत सतरा, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. चुन्याला कधीं हात न लावलेले चार जण बसविले, तर त्यांतील एखादा हेंच करून दाखवील. उलट, आठांऐवजीं चारच पुड्या मांडल्या असत्या, तर सगळ्या बरोबर येण्याचाही संभव सहांत एक. म्हणजे पांच टक्क्यांच्या पणांत गवंडी खराखुरा जाणता असूनही त्याला तें सिद्ध करण्याची वाटच उरली नसती. किती पुड्या घ्याव्या, काय झालें तर काय मानावें, हें सर्व आधीं ठरवावें लागतें तें यासाठीं. या विवेचनांत कोष्टक लागलें नाहीं आणि सूत्रही लागलें नाहीं. बोटांवर मोजण्याइतकें गणित पुरलें. पहिल्या आठवड्यांत एवढेंच शिकविलें, तर उरलेल्या सत्रांतील सूत्रें मुलांना परकीं वाटणार नाहींत.

मराठींत रूढ झालेले शब्दही या कामीं विद्यार्थ्याला थोडे आडवे येतात. 'शून्य परिकल्पना' म्हटलें कीं त्याला वाटतें, येथें कोणती तरी किंमत शून्य आहे. वस्तुतः आपल्या शास्त्रकारांच्या वादपद्धतींत या कल्पनेला फार जवळचा असा एक शब्द आहे, तो म्हणजे पूर्वपक्ष. 'गवंड्याला कांहीं कळत नाहीं' हा पूर्वपक्ष होय. तो आपल्याला मान्य असतो म्हणून नव्हे, तर खोडून पाहण्यासाठीं मांडलेला असतो. तो खोडला गेला नाहीं, तर एवढ्यानेंच त्याचा सिद्धान्त होत नाहीं. तो आज खोडतां आला नाहीं, इतकेंच म्हणावयाचें. म्हणून 'परिकल्पना स्वीकारली' हें वाक्य, जें हजारों उत्तरपत्रिकांत लिहिलें जातें, तें आम्हांस सदोष वाटतें. तसाच दुसरा शब्द 'सार्थ'. आंकड्यांच्या दृष्टीनें सार्थ म्हणजे योगायोगानें सहसा न घडणारें. महत्त्वाचें असा त्याचा अर्थ नव्हे. लाख माणसांची पाहणी केली, तर औषधाचा अगदीं क्षुल्लक गुणही सार्थ ठरेल, आणि तरीही तें औषध विकत घेण्याच्या लायकीचें नसेल. तिसरा घोटाळा याहून मोठा. सत्तरांत एक हा संभव 'गवंडी अंदाज करतो' असें धरून काढलेला आहे. गवंडी अंदाज करीत असण्याचा संभव सत्तरांत एक, असा त्याचा अर्थ होत नाहीं. ही उलटापालट शिकलेले लोकही इतक्या सर्रास करतात, कीं अमेरिकेंतील संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेला २०१६ सालीं जाहीर निवेदन काढून तिच्याविरुद्ध इशारा द्यावा लागला.

चुका दोन प्रकारच्या होतात, हेंही राजूरच्याच कोळशावरून समजावतां येईल. खाणींतून निघालेल्या मालगाडींतून थोडा कोळसा नमुन्यादाखल घेऊन त्यांतील राख तपासली, आणि त्यावरून सबंध गाडी घ्यावी कीं परत धाडावी हें ठरविलें, असें समजूं. चांगली गाडी परत गेली तर नुकसान खाणीचें. वाईट गाडी पत्करली गेली तर नुकसान वीजकेंद्राचें. एक चूक टाळण्यासाठीं नियम कडक करावा, तों दुसरी वाढते. दोन्ही एकदम कमी करावयाच्या तर नमुना मोठा घ्यावा लागतो, आणि त्याला खर्च पडतो. नेमन आणि पिअर्सन यांनीं १९३३ सालीं निर्णयाचा जो विचार मांडला तो हा. फिशर यांचा विचार पुराव्याचें बळ मोजण्याचा होता, आणि उभय पक्षांत पुढें मोठा वादही झाला. आमचीं क्रमिक पुस्तकें या दोन्ही विचारांची एकच खिचडी करून वाढतात आणि दोन स्वयंपाकी होते हें सांगत नाहींत. विद्यार्थ्याच्या गोंधळाचें एक मूळ येथें आहे.

आतांपर्यंतचीं उदाहरणें कल्पित होतीं. परंतु महाराष्ट्रांत, आपल्याच माणसांनीं, आपल्याच घरांतील एका दाव्यावर केलेलें एक खरेंखुरें परीक्षण उपलब्ध आहे, आणि तें आमच्या अभ्यासक्रमांत मानाच्या जागीं असावयास हवें होतें. जन्मपत्रिकेवरून मूल बुद्धिमान निघेल कीं मतिमंद, हें सांगतां येतें, असें फलज्योतिषी मानतात. २००८ सालीं पुण्यांत जयंत नारळीकर, पुणें विद्यापीठांतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोळकर आणि प्रकाश घाटपांडे यांनीं हा दावा कसोटीस लावला. घाटपांडे हे स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले गृहस्थ. त्यामुळें पत्रिका मांडण्यांत अज्ञान होतें, असा आक्षेप घेण्यास जागा उरली नाहीं. शाळांतील शंभर हुशार मुलें आणि विशेष शाळांतील शंभर मतिमंद मुलें यांच्या जन्मवेळा गोळा करून दोनशें पत्रिका तयार झाल्या. त्यांवर सांकेतिक आंकडे घालण्यांत आले, आणि कोणती पत्रिका कोणाची, हें उत्तरें येईपर्यंत गुप्त राहिलें. राजूरच्या पुड्यांची यादी तिसऱ्या माणसाजवळ ठेवावी असें आम्ही वर म्हटलें, तें येथें प्रत्यक्ष केलेलें आहे.

सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें पाठविलीं. प्रत्येकाकडे चाळीस पत्रिका होत्या. नाणें उडवून उत्तरें दिलीं, तर चाळिसांपैकीं सरासरी वीस बरोबर यावयाचीं. अठ्ठावीस किंवा अधिक उत्तरें निव्वळ नशिबानें बरोबर येण्याचा संभव शंभरांत एकाहूनही कमी. तेव्हां ही रेघ पणाला योग्य म्हणतां येईल. तेथवर एकही ज्योतिषी पोहोंचला नाहीं. सर्वांत मोठी संख्या चोवीस होती, आणि सर्वांचें मिळून यश सुमारें ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेनें दोनशेंही पत्रिका पाहिल्या. तिचें यश ५१ टक्के. हा वृत्तान्त २००९ सालीं 'करंट सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाची वाखाणणी पुष्कळांनीं केली आणि निंदाही पुष्कळांनीं केली. परंतु त्याचें शिस्तशीर वाचन फार थोड्यांनीं केलें. तें वाचन विद्यार्थ्यासाठीं एक उत्तम पाठ आहे. पहिली गोष्ट त्या चोवीस उत्तरांची. चाळिसांत चोवीस म्हणजे साठ टक्के. हा एकटा ज्योतिषी शेजारीं राहत असता, तर त्याच्या दाराशीं रांग लागली असती. परंतु नाणें उडविणाऱ्या एकाला चोवीस किंवा अधिक मिळण्याचा संभव शंभरांत सुमारें तेरा आहे, आणि असे सत्तावीस जण बसविले तर त्यांतील निदान एकाला तितके मिळणें जवळजवळ निश्चित आहे. शेकडों ज्योतिष्यांतून एकाची कीर्ति होते आणि उरलेल्यांचें नांवही कानीं येत नाहीं, याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें.

दुसरी गोष्ट, प्रयोग पुरेसा समर्थ होता काय? दावा करणाऱ्यांचें यश खरोखर सत्तर टक्के असतें, तर सत्तावीसांपैकीं निम्म्याहून अधिक जण अठ्ठाविसाची रेघ ओलांडून गेले असते. एकही गेला नाहीं. तेव्हां एवढ्या मोठ्या सामर्थ्याचा दावा टिकत नाहीं. पण कोणी म्हणेल, "आमचें शास्त्र शंभरांत पंचावन्नच वेळां खरें ठरतें," तर त्या एकेकट्या माणसाला चाळीस पत्रिकांवर पारखणें शक्य नव्हतें. ती रेघ असा मनुष्य शंभरांत चारेक वेळांच ओलांडील. ही मर्यादा प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. मात्र ज्या शास्त्राच्या भरंवशावर ठरलेलीं लग्नें मोडतात, तें शास्त्र शंभरांत पंचावन्नाचा दावा करीत नाहीं, हेंही त्याबरोबरच सांगितलें पाहिजे.

तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे. सत्तावीस चाळिसें म्हणजे एक हजार ऐंशी उत्तरें. तितक्यांत ४६ टक्के यश हें नाण्याहूनही बरेंच कमी नाहीं काय, आणि मग ज्योतिष उलट वाचावें काय, असा प्रश्न एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील. त्याला उत्तर असें, कीं पत्रिका दोनशेंच होत्या. तीच पत्रिका अनेकांच्या हातीं गेली, आणि सर्वांनीं थोडेफार तेच नियम लावले. एकानें उडविलेलें नाणें पांच जणांनीं पाहिलें म्हणून पांच नाणीं उडविलीं असें होत नाहीं. उत्तरें परस्परांपासून स्वतंत्र आहेत कीं नाहींत, हा प्रश्न कोष्टक कधींच विचारीत नाहीं. तो माणसानेंच विचारावा लागतो.

चौथी गोष्ट, या प्रयोगानें काय सिद्ध झालें नाहीं. सर्व ज्योतिष असत्य आहे, असें त्यानें सिद्ध झालें नाहीं, आणि तसें एका प्रयोगानें होणारही नाहीं. बुद्धि पत्रिकेवरून कळते, हा एक दावा, दावा करणाऱ्यांनींच भाग घेतलेल्या परीक्षेंत, योगायोगाच्या पलीकडे गेला नाहीं. निष्कर्ष एवढाच, आणि तो पुरेसा आहे. आतां नव्या पुराव्याचें ओझें ज्योतिष्यांच्या खांद्यावर आहे. त्यांनीं हवी ती भाकितें निवडावीं, परंतु पण आधीं लावावा. दाभोळकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. ज्या समाजांत प्रश्न विचारणें इतकें महाग पडूं शकतें, तेथें हें प्रकरण केवळ गुणांसाठीं शिकवावें, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

परीक्षण म्हणजे केवळ खंडन, अशी समजूत मात्र होऊं नये. कसोटीवर सोनें खरेंही ठरतें. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत असतांना त्यांनीं तक्षशिलेस सांपडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांच्या वजनांचा अभ्यास केला. त्यांची कल्पना साधी होती : नाणें हातोहात फिरतें तसें झिजतें, तेव्हां जें अधिक काळ फिरलें तें सरासरीनें हलकें असलें पाहिजे. नाण्यांच्या मागील बाजूस वेळोवेळीं उमटविलेल्या खुणा या फिरण्याची साक्ष देत होत्या. कल्पनेंतून निघणारें अनुमान वजनांनीं खोटें पाडलें असतें, तर ती सोडावी लागली असती. वजनांनीं तें खोटें पाडलें नाहीं. खुणा वाढत गेल्या तशीं नाणीं हलकीं होत गेलेलीं आढळलीं. चालू रुपये तोलूनही त्यांनीं झिजेचा हा नियम पारखून घेतला. ज्या नाण्यांवर राजाचें नांव नाहीं कीं साल नाहीं, त्यांच्या कालक्रमाविषयीं बोलण्याचें एक साधन इतिहासाला त्यांतून मिळालें. पत्रिकेला जी परीक्षा लावली तीच येथें नाण्यांना लावली. एक दावा टिकला नाहीं, दुसरा टिकला. परीक्षेचा कोणाशीं स्नेह नसतो आणि वैरही नसतें.

आमच्या शिक्षकांस आमची विनंति एवढीच, कीं सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वीं वर्गाकडून तीन वाक्यें लिहवून घ्यावीं : दावा कोणता, त्याचा पूर्वपक्ष कोणता, आणि काय दिसलें असतां आम्ही आमचें मत बदलूं. राजूरच्या मुलांनीं चुन्याच्या पुड्या घ्याव्या, वर्ध्याच्या मुलांनीं कापसाचे पेळू घ्यावे, रत्नागिरीच्या मुलांनीं दोन बागांचे आंबे घ्यावे; आठ नग, चार आणि चार, प्रत्येक शाळेस परवडतील. आणि पालकांस विनंति अशी, कीं परीक्षेनंतर हें पुस्तक रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं त्यांतील या एका प्रकरणावर मुलाशीं जेवतांना बोलावें. पुढें त्याच घरांत मुलीच्या लग्नासाठीं पत्रिका पाहण्याची वेळ येईल, तेव्हां तीं तीन वाक्यें मोठ्यानें विचारण्याचा हक्क तिला असावा. ज्या संख्याशास्त्राच्या परीक्षेंत ती उत्तीर्ण झाली, त्याचा आधार त्या बैठकींत तिला मिळणार नसेल, तर गुणपत्रिकेवरील त्या गुणांचें मोल काय, हें आमच्या वाचकांनींच सांगावें.